चाळीस मापटी उजेड

रायभानला घाईनं चालताना कुणी पाहिलेलं नाही. चारठाण्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं, खांद्याला निळी पिशवी अडकवून तो निघाला की मोटारसायकलवाले थांबून मागं बसा म्हणायचे. तो हात हलवून नको म्हणायचा. गाडीवर बसलं की जमिनीखालचं काही कळत नाही, असं त्याचं म्हणणं. जमिनीखाली तीन फुटांवर, काळ्या मातीत पुरलेल्या पाईपातून काचेची तार गेली होती. जिंतूरपासून चारठाण्यापर्यंत सगळ्या गावांचं इंटरनेट त्या तारेतून यायचं आणि वीस किलोमीटरच्या त्या तारेची राखण हे रायभानचं काम होतं.

आजा मेंढरं राखायचा, बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की बाप कळप घेऊन बाहेर पडायचा आणि रायभान मामाकडं राहून चारठाण्याच्या शाळेत जायचा. दहावीनंतर तोही मेंढरांमागं गेला. पुढं कळप कमी होत गेला, रान कमी होत गेलं, आणि चाळिशीत तो मिळेल ते काम करायला लागला. रस्त्याकडेनं तारेसाठी चर खणायचं काम निघालं तेव्हा तो खणणाऱ्यांत होता. तार जोडायला बाहेरगावचा एक माणूस आला होता. केसाएवढी काच, तिचं टोक मशीनमध्ये सरळ धरायचं, आणि त्या माणसाच्या मदतनिसाचा हात कापत होता. शेजारी टोपलं घेऊन बसलेल्या रायभाननं विचारलं, मी धरू का. त्याच्या हातात ती काच जराही हलली नाही. कोकराच्या खुरात मोडलेला काटा दुखू न देता काढण्यात ज्याचं लहानपण गेलं, त्याला काच धरणं अवघड नव्हतं. त्या माणसानं जाताना त्याला सगळं काम शिकवलं आणि जिंतूरच्या नेटवाल्याच्या ऑफिसात त्याचं नाव सांगितलं. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

तार तुटली की दोन टोकं समोरासमोर आणायची. मशीनच्या पडद्यावर ती केसाएवढी काच बांबूएवढी जाड दिसायची. मग एक बारीक ठिणगी पडायची आणि दोन टोकांची एकच काच व्हायची. ती ठिणगी पाहताना रायभानला दर वेळी वाटायचं की आता आतून काहीतरी पुढं गेलं. काय गेलं ते दिसत नसे. त्या काचेतला उजेड डोळ्याला दिसत नाही आणि डोळा लावून बघायचाही नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. न दिसणारा उजेड ही गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. हरभऱ्याच्या शेताच्या बांधावर उभा राहिला की त्याला वाटायचं, वर घाटे भरताहेत आणि खाली कुणाच्या तरी लेकीचा आवाज चाललाय, कुणाचा दाखला चाललाय, कुणाच्या लग्नाचे फोटो चाललेत, आणि यातलं कुणालाच कुणाची खबर नाही. जेवताना सुद्धा त्याचं लक्ष तिकडंच असायचं. त्याची बायको भिवराबाई ताट पुढं सरकवत म्हणायची, "आवं, जेवायला तरी जिमिनीतून वर या."

माघात दिनकरराव सरांनी नेट घेतलं. सर गावच्या शाळेत गणित शिकवायचे, रायभानलाही त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांना एकच वेड लागलं होतं. चारठाण्यातली जुनी देवळं, त्यांचे खांब, खांबांवरच्या बाया, वादक, हत्ती, सिंहाची तोंडं, बारवेच्या कोनाड्यातले देव, जे जे दगडात आहे त्याचा ते फोटो काढत. सकाळचा उजेड तिरपा असतो तेव्हा नाक-डोळे उठून दिसतात म्हणून ते सूर्य उगवायच्या आत कॅमेरा लावून बसायचे. सहा वर्षांत छत्तीसशे फोटो झाले होते. त्यांची नात नीलम पुण्याला वास्तुकला शिकत होती. आजोबांच्या फोटोंवरून देवळांची एक-एक शिळा कागदावर काढायची असं तिनं ठरवलं होतं, आणि एवढे फोटो तिला पाठवायचे म्हणून सरांनी चाळीसच्या वेगाचं कनेक्शन मागितलं.

तार सरांच्या ओसरीपर्यंत रायभाननंच आणली. शेवटचा जोड देऊन झाल्यावर तो अभिमानानं म्हणाला की जिंतूरपासून इथपर्यंत एकही जोड कच्चा नाही.

चौथ्या दिवशी सरांनी त्याला बोलावून घेतलं. कॉम्प्युटरवर फोटो पाठवायला लावले होते आणि खाली कोपऱ्यात वेगाचा आकडा हलत होता. पाच, कधी चार पूर्णांक आठ, पुन्हा पाच. सरांनी शेजारी ऑफिसचा कागद ठेवला होता. त्यावर चाळीस लिहिलं होतं.

"चाळीस सांगितलेस, पाच मिळतात," सर म्हणाले. "उरलेले पस्तीस कुठं गेले, रायभान?"

रायभान पडद्याकडं वाकला. बारा वर्षांत हा आकडा त्यानं कधी बघितलाच नव्हता. त्याचं काम तारेपर्यंतचं. बघतो सर, एवढंच तो बोलला. निघताना त्यानं खिशातली वही काढली आणि कागदावरच्या चाळीसपुढं जी इंग्रजी अक्षरं होती ती, आणि पडद्यावरच्या पाचपुढं जी होती ती, दोन्ही चित्र काढावं तशी उतरवून घेतली. असं का केलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. हरवलेल्या मेंढराच्या कानावरची खूण जशी माणूस लक्षात ठेवतो, तसं काहीसं असेल.

सर हिशेबाला पक्के आणि बोलायला रोखठोक. त्यांनी ऑफिसच्या नावानं तक्रारअर्ज लिहिला आणि पाठवायच्या आधी ग्रामपंचायतीसमोर बसलेल्या चार जणांना वाचून दाखवला. मग गावात ज्याच्या-त्याच्या घरी आकडे तपासणं सुरू झालं. सगळीकडं तीच गत. ज्यानं चाळीस घेतलं त्याला पाच, ज्यानं ऐंशी घेतलं त्याला दहा. दोन दिवसांत गावाचं मत बनलं. तार रायभानच्या हातात, तारेच्या पेट्यांची किल्ली रायभानच्या खिशात. त्यानंच गावाचा वेग स्वतःच्या वस्तीकडं वळवला असणार. हे त्याच्या तोंडावर कुणी बोललं नाही. हॉटेलात तो आला की बोलणं थांबायचं, आणि तेच त्याला लागलं. भिवराबाईला पाणवठ्यावर एकीनं विचारलं, तुमच्याकडं नेट लय जोरात चालत असंल की. भिवराबाईच्या घरात नेट नव्हतंच.

जिंतूरच्या ऑफिसात निकिता नावाची मुलगी तक्रारी लिहून घ्यायला बसायची. तिला कामाला लागून तीनच महिने झाले होते. तिनं तक्रार लिहून घेतली. बाकीच्यांनी नेट म्हटल्यावर कमी-जास्त होतंच म्हणून विषय सोडून दिला. रायभानला मात्र तो सोडता येईना. काच कुठं जास्त वाकली की तिच्यातून उजेड गळतो, हे त्याला माहीत होतं. नवी तार तपासताना लाल उजेडाचा पेन एका टोकाला लावतात, तेव्हा वाकल्या जागी तो लाल रंग काचेतून पाझरताना त्यानं स्वतः पाहिला होता, काटा टोचल्यावर बोटावर रक्ताचा थेंब उभा राहावा तसा. म्हणजे वीस किलोमीटरमध्ये कुठंतरी चाळीसातले पस्तीस भाग उजेड मातीत मुरत होता, आणि राखणदाराला पत्ता नव्हता.

"पस्तीस म्हंजी थोडं न्हाई," तो भिवराबाईला म्हणाला. "एवढं वाया जायलंय अन् मी वरून चालायलो."

त्यानं दोन दिवसांची रजा घेतली आणि आपलीच तार आपण चालत तपासायला निघाला.

ज्वारी निसवून दाणे भरत आली होती. पहाटेचं धुकं उतरल्यावर रस्त्याकडेच्या पांढऱ्या खुणेच्या दगडापासून त्यानं सुरुवात केली. दर एक-दोन किलोमीटरवर जमिनीत सिमेंटची पेटी होती. झाकण उचलायचं, आत गुंडाळून ठेवलेली तार हातानं चाचपायची, कुठं मुरड पडली का बघायची, आणि राखीव ठेवलेल्या काचेवर उजेड मोजायचं बोटभर यंत्र लावायचं. प्रत्येक पेटीत आकडा जसा हवा तसाच आला. पेटी बंद करून तो पुढं जायचा. दोन पेट्यांच्या मध्ये त्याचं मन भरकटायचं. जिथं उजेड गळत असेल तिथलं पीक कसं दिसत असेल? हरभरा जास्त हिरवा असेल का? एका धुऱ्यावर करडईची दोन झाडं बाकीच्यांपेक्षा हातभर उंच दिसली, तर तो तिथं बसून राहिला, माती उकरून बघितली, हुंगली. माती मातीसारखीच होती. एका बोरीखाली भाकरी खाताना त्याला डुलकी लागली आणि स्वप्नात जमीन काचेची झालेली दिसली. खाली देवळातल्या दगडी बाया रांगेनं उभ्या होत्या, आणि त्या पुढं का सरकत नाहीत ते त्याला कळत नव्हतं. जागा झाला तेव्हा ऊन कलंडलं होतं. रात्री तो वाटेतल्या पाहुण्यांकडं राहिला आणि सकाळी पुन्हा तारेवर आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिंतूर तीन-चार किलोमीटर राहिलं असताना शेवटून दुसरी पेटी तपासून झाली. तिथंही उजेड पुरा होता. रस्त्यालगतच्या शेतात सगुणाबाईंचं खळं होतं. म्हातारी सत्तरीच्या पुढची; लेकीच्या घरी पाठवायची तूर पोत्यात मोजून भरत होती. रायभाननं पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला आणि मोजणं न थांबवता विचारलं की एवढं खाली वाकून काय हुडकायलास.

"उजेड हुडकायलो मावशी," रायभान म्हणाला.

ती हसली नाही. एकेक माप पोत्यात रिकामं करत तिचं मोजणं चालू राहिलं, लाभ, दोन, तीन. एकाला लाभ म्हणायचं, हे तिच्या आईपासून चालत आलेलं. पायलीभर झाल्यावर तिनं एक दाणा बाजूला ठेवला आणि सगळं सांग म्हणाली. रायभाननं सांगितलं. जिंतुरातून चाळीस सोडतात, चारठाण्यात पाच भरतात. मध्ये कुठं सांडलेलं दिसत नाही.

"सोडणाऱ्यानं कशानं मोजलं अन् घेणाऱ्यानं कशानं मोजलं?" म्हातारीनं विचारलं.

"एकच की मावशी. नेट."

"नेट तर माल झाला बाबा. माप कोणतं?"

सगुणाबाईंनी हातातलं लहान माप त्याच्यापुढं धरलं. ते मापटं, म्हणजे अर्धा शेर. मग शेजारी पडलेल्या मोठ्या मापाकडं बोट केलं. ती पायली, चार शेरांची.

"मापट्यानं चाळीस सोडली असतील अन् पायलीनं मोजून घेतली असतील, तर पाचच भरतील. आठ मापट्यांची पायली. यात एक दाना सांडला न्हाई."

एवढं बोलून ती पुन्हा लाभ, दोन करत तूर भरायला लागली. रायभाननं वही काढली. वही उन्हात धरली तेव्हा त्याला जे दिसलं ते इतके दिवस त्याच्या खिशातच होतं. चाळीसपुढच्या अक्षरांत एम होता आणि त्याच्यामागं बी, लहान बी, एका पोटाचा. पाचपुढंही एम होता, आणि त्याच्यामागं बी, पण मोठा, दोन पोटांचा. त्यानं चित्र काढावं तशी अक्षरं काढली होती म्हणूनच तो फरक वहीत उतरला होता. वाचून लिहिली असती तर दोन्हीकडं त्याचा हात एकच बी लिहून मोकळा झाला असता.

तो जिंतूरला गेला तो सरळ निकिताच्या टेबलापाशी. वही तिच्यापुढं ठेवली आणि हे दोन बी वेगळे आहेत का, एवढंच विचारलं. निकिताला माहीत नव्हतं. तिला लाज वाटली, पण तिनं ती लपवली नाही. काका बसा म्हणाली आणि कॉम्प्युटरवर शोधायला लागली. वाचता-वाचता ती पुढं सरकून बसली. लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट. तारेतून किती वेगानं जातं ते बिटांत सांगतात, कॉम्प्युटर साठवतो ते बाइटांत मोजतो. म्हणून कागदावर चाळीस आणि पडद्यावर पाच. मध्येच पाचाचा चार पूर्णांक आठ होतो, तो फरक पत्ते-शिक्के लावण्यात जातो, जसा पार्सलाचा पुठ्ठा वजनात धरला जातो.

"पण काका, बिट म्हणजे काय माहितीय का?" ती म्हणाली. "तुमच्या तारेतल्या उजेडाची एक उघडझाप."

रायभाननं तिला ते पुन्हा वाचायला लावलं. उजेड आहे किंवा नाही, एवढंच एका बिटाला सांगता येतं. एम म्हणजे दहा लाख. चाळीस वेळा दहा लाख म्हणजे चार कोटी. एका सेकंदात चार कोटी उघडझापा. इंग्रजी एका अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या अक्षराला तीन लागतात, असंही तिथं होतं. निकितानं त्याचं नाव कागदावर लिहून मोजलं. र, काना, य, भ, काना, न. सहा खुणा, अठरा बाइट, एकशे चव्वेचाळीस उघडझापा. मग तिनं भागाकार केला आणि सांगितलं की काका, या एका तारेतून तुमचं नाव सेकंदाला पावणेतीन लाखांहून जास्त वेळा जाऊ शकतं. रायभाननं तो कागद हातात घेतला. बारा वर्षं तो जे वरून चालत होता, त्याला आज पहिल्यांदा डोळ्यांसमोर आकार आला होता. दिवा लावल्यासारखा आणि विझवल्यासारखा, लावल्यासारखा आणि विझवल्यासारखा, हरभऱ्याखालून, करडईखालून, त्या बोरीच्या मुळांखालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरांकडं गेला. सर ओसरीवर कॅमेऱ्याची काच पुसत होते. रायभाननं वही पुढं केली, दोन बी दाखवले आणि मध्ये आठ लिहिलं. आणखी काही सांगायची गरज पडली नाही. सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, ऑफिसचा कागद आणून त्यावरचा लहान बी बोटानं दाबून बघितला. मग ते खुर्चीत मागं टेकले.

"एकक न लिहिता उत्तर काढलं की मी अर्धा गुण कापायचो," ते हळू म्हणाले. "चौतीस वर्षं कापले. आणि स्वतः एकक न बघता तुझ्यावर आळ येऊ दिला."

आपल्या सरांना असं बसलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. हे मी न्हाई सर, सगुणामावशीनं सांगितलं, असं तो म्हणाला आणि खळ्यावरची आणि ऑफिसातली सगळी हकीकत सांगायला लागला. मापट्यापायलीचं ऐकून सर खुर्चीत सरळ झाले. हे कोष्टक त्यांच्या वडिलांनी लहानपणी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

त्याच दिवशी सरांनी दुसरा अर्ज लिहिला. पहिला जिथं वाचला होता तिथंच, ग्रामपंचायतीसमोर, आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात वाचला. त्यात स्वतःची चूक स्वतःच्या नावानं लिहिली होती आणि रायभानची माफी मागितली होती. मग पंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, चाळीस भागिले आठ बरोबर पाच, आणि खाली ऐंशीचे दहा, शंभरचे साडेबारा, दोनशेचे पंचवीस. सगळ्यांना पटलं असं नाही. हॉटेलवाला म्हणाला की भागून कशाला देता, गुणून द्या की. पण हॉटेलात रायभान आला की बोलणं थांबायचं ते बंद झालं. उलट लोक त्याला बोलावून विचारायला लागले, अमुक इतकं घेतलं तर किती पडेल. आठाचा पाढा त्याला शाळेत कधी धड आला नव्हता. आता तो चालता-चालता आठ बारे शहाण्णवच्याही पुढं म्हणायचा.

पाणवठ्यावर भिवराबाईला त्याच बाईनं जागा करून दिली. त्या दिवशी घागर भिवराबाईची आधी भरली.

मग फोटो पाठवायचा दिवस ठरला. मधल्या गोंधळात सरांनी पाठवणं थांबवलं होतं. आता पहिल्यापासून सगळं एकदम पाठवायचं होतं. आदल्या संध्याकाळी दोघं ओसरीवर पाटी-पेन्सिल घेऊन बसले. एक फोटो वीस एमबीचा, मोठ्या बीचा. सेकंदाला पाच जातात, म्हणजे एका फोटोला चार सेकंद. छत्तीसशे फोटोंना चौदा हजार चारशे सेकंद. सरांनी साठानं भागलं, पुन्हा साठानं भागलं आणि चार लिहिलं. मग पुढं तास हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

चार तास, रायभान मनाशी म्हणाला. चारठाण्याहून जिंतूरला चालत जायला त्याला चार तासच लागायचे.

सकाळी सात वाजता सरांनी बटण दाबलं आणि रायभान ओसरीवरून उतरला. भिवराबाईनं भाकरी बांधून दिली होती. एवढ्या लवकर कुठली तार तुटली, असं तिनं विचारलं होतं, आणि त्यानं कुठलीच नाही म्हणून सांगितल्यावर पुढं काही विचारलं नव्हतं. गाव मागं पडलं. देवळाच्या कळसावर ऊन आलं होतं. त्याला पक्कं ठाऊक होतं की त्या मूर्ती त्याच्या सोबतीनं चालत नाहीत. एक उघडझाप इथून निघते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जिंतूर ओलांडून पुढं जाते. पण सगळ्यांना जायला चार तास हेही तितकंच खरं होतं. चार सेकंदांत त्याची सात-आठ पावलं पडायची. म्हणजे दर सात-आठ पावलांना एक मूर्ती पायाखालून जात होती. मृदंगवाला गेला. केस पिळणारी बाई गेली. पायातला काटा काढणारी गेली, तिच्याकडं तो शाळेत असताना तासन्‌तास बघायचा. हत्ती एकामागून एक गेले. शेकडो वर्षं एका जागी उभं राहिलेलं ते सगळं उघडझाप होऊन ज्वारीच्या मुळांखालून पुण्याला निघालं होतं, आणि वर कणसांवर पाखरं बसली होती.

तासाभरानं सरांचा फोन आला. आठशे पासष्ट झाले, म्हणाले. हिशेबानं नऊशे व्हायला हवे होते. रायभान म्हणाला, सर, पुठ्ठ्याचं वजन. सर हसले आणि त्यांनी फोन ठेवला. पुढं दर तासाला फोन येत राहिला. मध्ये एका पेटीवर बसून रायभाननं भाकरी खाल्ली, झाकणावर तळहात टेकवून. हाताला काही लागत नव्हतं. थंड सिमेंट होतं, आणि एक मुंगळा होता. तरी त्यानं हात काढला नाही.

सगुणाबाईंच्या खळ्यावर कुणी नव्हतं. तूर गेली होती, सारवलेली जमीन रिकामी होती.

अकरा वाजत आले तेव्हा तो जिंतूरच्या ऑफिसच्या पायरीशी पोचला. निकिता नुकतीच येऊन बसली होती. त्यानं सरांना फोन लावला. अजून दीडशे राहिलेत, सर म्हणाले. रायभाननं मनात मांडलं, दीडशे चोक सहाशे, म्हणजे दहा मिनिटं. तो पायरीवर बसला आणि चपला काढल्या. निकितानं त्याच्यासाठी चहा सांगितला आणि काय झालं म्हणून विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला. "माझ्या मागून दीडशे जणी यायल्यात. त्या आल्या की जातो."

तिनं रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर टेम्पो होते, भाजीच्या गाड्या होत्या, शाळेची पोरं होती. मग तिच्या लक्षात आलं, आणि तीही दारात उभी राहून वाट बघायला लागली. चहा आला. रायभाननं तो निवांत घेतला. शेवटी सरांचा फोन आला. सगळे पोचले, नीलमनं उघडून बघितलेसुद्धा, एकही खराब नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि मग, तू आहेस कुठं, असं विचारलं.

"जिंतूरला हाय सर."

"चालत गेलास?"

"चालत."

सर म्हणाले की येताना बसनं ये, नीलमनं पहिलं चित्र काढलं की आधी तुला दाखवतो. रायभाननं बरं म्हटलं. बसस्थानकावर चारठाण्याची गाडी लागलेली होती. तो खिडकीशी बसला, निळी पिशवी मांडीवर घेतली, आणि गाडी सुटायच्या आधीच त्याला झोप लागली.